लो हायड्रोजन वेल्डिंग रॉड: साठवण, बेकिंग आणि वापराचा बिनचूक क्रम

ई७०१८ हा लो हायड्रोजन, म्हणजे जोडात कमी हायड्रोजन सोडणारा, वेल्डिंग रॉड. तो कोरडा आहे की दमट, हे बघून ओळखता येत नाही. हात लावूनही कळत नाही. रॉड फारच दमट असेल तर आर्क (रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत) कुरबुर करतो, पण थोडासा दमट असेल तर तोही काही सांगत नाही. बीड (वितळून बसलेल्या धातूची पट्टी) छान बसतो, स्लॅग (त्यावरचं कवच) निघतो, वेल्डर जॉब सोडून पुढे जातो. मग दोन दिवसांनी तपासणीत जोडाच्या कडेला, मूळ प्लेटच्या अंगात, केसाएवढी भेग सापडते. त्या वेळी दोष प्लेटला दिला जातो, वेल्डरला दिला जातो, प्रीहीटला (वेल्डिंगआधी प्लेट तापवण्याला) दिला जातो. रॉड त्या दिवशी किती वाजता ओव्हनबाहेर आले होते, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

ओव्हन आता बहुतेक ठिकाणी असतो. चूक होते ती क्रमात. होल्डिंग ओव्हनमध्ये, म्हणजे कोरडा रॉड गरम राखणाऱ्या ओव्हनमध्ये, ठेवलेल्या रॉडला बेक झालेला, म्हणजे जास्त तापमानाला वाळवलेला, रॉड समजतात, ओव्हन पेटवला त्या क्षणापासून बेकिंगची वेळ मोजतात, उरलेले रॉड संध्याकाळी नव्या रॉडमध्ये मिसळून टाकतात. या तीन चुका टळल्या तरी निम्म्याहून जास्त त्रास संपतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने पाळायचे आहेत.

## आधी एवढं पक्कं करा: दमटपणा दोन प्रकारचा असतो

या रॉडच्या कोटिंगमध्ये चुनखडी, फ्लोरस्पार, लोखंडाची भुकटी आणि फेरोमँगनीज, फेरोसिलिकॉनसारखे घटक असतात. ते सगळे बांधून ठेवतं सोडियम किंवा पोटॅशियमचं सिलिकेट. हवेतली वाफ ओढून घेणारा मुख्य गुन्हेगार म्हणजे हे सिलिकेट.

आर्कच्या उष्णतेत त्या पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. धातू घट्ट होताना त्याची हायड्रोजन धरून ठेवण्याची क्षमता एकदम घटते. मग तो बाहेरची वाट शोधत फिरतो आणि जोडाशेजारच्या, तापून कडक झालेल्या पट्ट्यात जाऊन बसतो. कडक धातू, आत अडकलेला ताण आणि हायड्रोजन हे तिन्ही एकत्र आले की जोड थंड झाल्यावर भेग पडते. ती लगेच पडेलच असं नाही, काही तासांनी पडते, कधी काही दिवसांनीही पडते. प्लेट जितकी जाड आणि पोलाद जितकं जास्त ताकदीचं, तितका हा धोका मोठा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कोटिंगच्या पृष्ठभागाला नुसतं चिकटलेलं पाणी शंभर-सव्वाशे अंशांना निघून जातं. सिलिकेटमध्ये मुरलेलं पाणी तेवढ्याने हलत नाही, त्याला अडीचशे अंशांच्या वरचं तापमान लागतं. म्हणून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये रॉड आठवडाभर ठेवला तरी तो बेक होत नाही. कोरडा रॉड कोरडा राखणं एवढंच होल्डिंग ओव्हनचं काम आहे. दमट रॉड कोरडा करणं हे बेकिंग ओव्हनचं. ही दोन कामं वेगळी आहेत, हे ओव्हनच्या दारावरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

## टप्पा १: पाकिटावरचं नाव नीट वाचा

सगळ्या रॉडना एकच वागणूक देऊ नका. नावाचा शेवटचा भाग वाचायची सवय लावा.

१. शेवटचे दोन अंक १५, १६, १८, २८ किंवा ४८ असतील तर रॉड लो हायड्रोजन आहे. ई७०१६, ई७०१८, ई८०१८ हे नेहमी भेटणारे.

२. पुढे एच४, एच८ किंवा एच१६ लिहिलेलं असेल तर तो वेल्ड धातूतल्या हायड्रोजनच्या कमाल मर्यादेचा आकडा आहे. १०० ग्रॅम वेल्ड धातूमागे अनुक्रमे ४, ८ आणि १६ मिलिलिटर. रॉड नीट सांभाळला तरच हा आकडा खरा राहतो.

३. शेवटी आर अक्षर असेल तर कोटिंग दमटपणा हळू शोषणारं आहे. त्याची चाचणी साधारण २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत ९ तास उघडं ठेवून घेतलेली असते. हळू शोषणं म्हणजे न शोषणं नव्हे. आर आहे म्हणून रॉड रात्रभर बाहेर ठेवायची मुभा मिळत नाही.

इशारा: ई६०१० आणि ई६०११ हे सेल्युलोजचे रॉड या लेखातल्या कोणत्याही ओव्हनमध्ये घालू नका. त्यांच्या कोटिंगला काही टक्के पाणी लागतंच, त्यावरच त्यांचा आर्क चालतो. बेक केले की ते कामातून गेले. ई६०१३ चे रॉड दमट झाले तर पाकिटावर दिलेल्या तापमानालाच वाळवा. ते सहसा शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास असतं. तीनशेच्या ओव्हनमध्ये ते ई७०१८ च्या शेजारी जाता कामा नयेत.

## टप्पा २: माल उतरवतानाच छाननी

पॅकिंग तीन प्रकारचं मिळतं. पुठ्ठ्याचा खोका आणि आत प्लास्टिक, हवाबंद पत्र्याचा डबा आणि व्हॅक्यूम पॅक. पुठ्ठ्याचा खोका, त्यावर प्लास्टिक ताणून बसवलेलं असलं तरी, हवाबंद धरायचा नाही. त्यातला रॉड बेक करूनच वापरायचा. हवाबंद डब्यातला आणि व्हॅक्यूम पॅकमधला रॉड, पॅकिंग शाबूत असेल तर, उघडल्यावर थेट वापरता येतो.

शाबूत आहे का, हे उतरवतानाच बघा. व्हॅक्यूम पॅकचा पातळ थर रॉडवर घट्ट आवळलेला असतो, बाहेरून रॉडच्या कडा मोजता येतील इतका. तो सैल पडून हलत असेल तर आत हवा गेली आहे. अशा पॅकला साधा खोका समजा. डब्याचं झाकण, कडेचा सांधा आणि कोपऱ्यातले पोचे बोट फिरवून तपासा. भोक सुईएवढं असलं तरी डबा हवाबंद राहिलेला नाही.

डबे फेकू नका, आपटू नका. आतल्या रॉडच्या कोटिंगला बारीक तडे जातात आणि ते वेल्डिंग करताना खपल्या होऊन पडतात.

तपासा: प्रत्येक खोक्यावर आल्याची तारीख मार्करने लिहिली का? बॅच नंबर नोंदवहीत चढला का? पुढे काही बिघडलं तर बॅच नंबराशिवाय शोध लागत नाही.

## टप्पा ३: स्टोअर

स्टोअरमध्ये बंद खोके ठेवायचे असतात, उघडे रॉड नव्हेत. तरीही खोली कोरडी हवी. उत्पादकांचे आकडे थोडे वेगवेगळे असतात, पण सूत्र एकच आहे. खोली जितकी गरम, तितकी आर्द्रता कमी हवी. बहुतेक जण ४० ते ६० टक्क्यांच्या आतली आर्द्रता सांगतात. भिंतीवर थर्मामीटर आणि हायग्रोमीटर लावा, रोज सकाळी वाचून लिहा.

खोके जमिनीवर ठेवायचे नाहीत आणि भिंतीला टेकवायचेही नाहीत. लाकडी पॅलेट किंवा रॅकवर, चहूबाजूंनी हवा फिरेल असे ठेवा. थप्पी उंच करू नका, खालच्या खोक्यातल्या रॉडचं कोटिंग दबून फुटतं. आधी आलेला माल आधी बाहेर जाईल अशी मांडणी करा. नवे खोके पुढे रचले जातात आणि जुने मागे पडून राहतात, हे जवळजवळ प्रत्येक स्टोअरमध्ये दिसतं.

थंड जागेतला खोका उबदार, दमट हवेत आणून लगेच उघडला तर थंड रॉडवर दव धरतं. खोका बंदच ठेवा, त्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. मोठ्या थप्पीच्या मधल्या खोक्याला यासाठी एक अख्खी रात्र लागू शकते.

कपाटात बल्ब लावून रॉड ‘वाळवण्याची’ पद्धत खूप ठिकाणी आहे. बल्बमुळे कपाटातली हवा थोडी कोरडी राहते, बंद खोक्यांसाठी त्याचा उपयोग आहे. पण कपाटाचं तापमान फार तर पन्नास-साठ अंशांपर्यंत जातं. उघड्या रॉडच्या आत मुरलेलं पाणी त्याने निघत नाही.

## टप्पा ४: ओव्हनची तयारी

बेकिंग ओव्हन निदान ४०० अंशांपर्यंत जाणारा हवा आणि त्यावर कॅलिब्रेट केलेला तापमानदर्शक हवा. घरगुती ओव्हन बहुधा २५० अंशांपाशीच थांबतात, ते या कामाचे नाहीत.

डायलवरचा आकडा आणि आतल्या रॉडचं तापमान यांत मोठा फरक असू शकतो. हा फरक एकदा मोजून ठेवा. ट्रेमध्ये रॉड भरा, थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक मधल्या ट्रेवर रॉडच्या ढिगात खुपसा आणि ओव्हन चालवा. डायल ३५० दाखवेल तेव्हा मध्यभागी किती आहे ते बघा. नंतर वरचा ट्रे, खालचा ट्रे आणि दाराजवळचा कोपरा, तिन्ही जागा तपासा. दाराचा गॅस्केट झिजलेला असेल तर तो कोपरा नेहमी मागे राहतो. मोजलेला फरक कागदावर लिहून ओव्हनला चिकटवा.

आत रॉडशिवाय काहीही जाता कामा नये. ओले हातमोजे, भिजलेलं जॅकेट, कापडाची चिंधी यांतली वाफ थेट रॉडमध्ये जाते.

तपासा: वरचा वाफ जाण्याचा झरोका उघडतो का? बेकिंगमध्ये तो उघडा ठेवायचा असतो. बंद राहिला तर निघालेली वाफ आतच कोंडते आणि बेकिंगचा अर्थच जातो.

## टप्पा ५: बेकिंग

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा.

किती तापमान, किती वेळ. पहिला मान पाकिटावरच्या सूचनेला. ई७०१८ साठी उत्पादक सहसा ३०० ते ३५० अंशांना दोन तास किंवा ३४० ते ४०० अंशांना एक तास सांगतात. पोलादी संरचनांच्या वेल्डिंगसाठी वापरला जाणारा अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा (एडब्ल्यूएस) डी१.१ हा कोड ई७० वर्गाच्या, म्हणजे नाव ई७० ने सुरू होणाऱ्या, साध्या लो हायड्रोजन रॉडसाठी २६० ते ४३० अंशांदरम्यान किमान दोन तास मागतो. ई८०१८ सारख्या मिश्र पोलादाच्या रॉडसाठी ३७० ते ४३० अंशांना किमान एक तास. तुमच्या कामाला कोड लागू असेल तर पाकीट आणि कोड दोन्ही पाळले जातील असा आकडा निवडा आणि तो वेल्डिंग प्रोसिजरमध्ये लिहून घ्या. रोज वेगळ्या माणसाने वेगळा आकडा लावणं बंद करा.

क्रम असा:

१. रॉड पुठ्ठ्यातून, प्लास्टिकमधून, डब्यातून पूर्ण बाहेर काढा. उघडा डबा तसाच ओव्हनमध्ये ठेवण्याची सवय दिसते. अशा डब्यात मधल्या रॉडपर्यंत उष्णता वेळेत पोहोचत नाही आणि वाफेलाही बाहेर पडायला वाट मिळत नाही.

२. ट्रेमध्ये पातळ थर लावा. तीन-चार रॉडांच्या उंचीपेक्षा जास्त नको. ट्रे जाळीचा किंवा भोकांचा असेल तर उत्तम. ओव्हनची क्षमता ५० किलो लिहिली आहे म्हणून ५० किलो कोंबायची गरज नाही.

३. एका वेळी एकाच प्रकारचे रॉड घाला. ३.१५ मिमी आणि ४ मिमी एकत्र चालतील, पण ई७०१८ आणि ई९०१८ एकत्र नकोत. कोटिंग सारखंच दिसतं, रॉडवरची छपाई पुसट झाली की कोणता कोणता हे ओळखता येत नाही.

४. रॉड आत घालताना ओव्हनचं तापमान अंतिम तापमानाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावं. ३५० वर बेक करायचं असेल तर १७५ च्या खाली. तिथे किमान अर्धा तास राहू द्या, मग तापमान चढवा. दमट रॉड एकदम ३५० अंशांत घातला तर पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि कोटिंगला उभे तडे जातात.

५. मोजणी सुरू करा ती रॉडच्या ढिगाचा मध्य अंतिम तापमानाला पोहोचल्यावर. स्विच चालू केल्यावर मोजायचं नाही, डायलचा आकडा गाठल्यावरही नाही.

६. वेळ पूर्ण होईपर्यंत दार बंद. मध्येच कोणी नवे रॉड आणले तर त्यांना थांबायला सांगा. घातलेच तर सगळ्यांची वेळ शून्यापासून मोजा, कारण नव्या रॉडमधून निघणारी वाफ जुन्यांवरच जाते.

प्रत्यक्षात हे घड्याळावर कसं दिसतं ते बघा. सकाळी ७ ला रॉड १५० अंशांच्या ओव्हनमध्ये गेले. साडेसातला तापमान चढवायला सुरुवात केली. डायलने ३५० चा आकडा ८.१० ला दाखवला, पण ढिगातला थर्मोकपल ३५० ला पोहोचला ८.४० ला. दोन तासांचं बेकिंग असेल तर ते १०.४० ला संपेल. ज्याने सातपासून मोजलं तो नऊलाच रॉड काढेल. त्याला वाटेल दोन तास झाले, प्रत्यक्षात मधल्या रॉडना जेमतेम २० मिनिटं मिळालेली असतील. आणि नोंदवहीत ‘२ तास, ३५०’ असंच लिहिलं जाईल.

इशारा: जास्त तापमान म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. ४३० च्या वर कोटिंगमधले फेरोमँगनीज, फेरोसिलिकॉन जळू लागतात. मग वेल्ड धातूची शुद्धी आणि ताकद दोन्ही घसरतात, कोटिंग ठिसूळ होतं. थर्मोस्टॅट अडकून ओव्हन रात्रभर ४५० वर राहिला असेल तर ते रॉड फेकायचे. वाचवायचा विचारही करू नका.

गॅस कटरची ज्योत, होल्डरमध्ये धरून शॉर्ट करून तापवणं, गरम जॉबवर रॉड पसरून ठेवणं हे बेकिंग नव्हे. यात तापमान किती आणि किती वेळ, काहीच हातात राहत नाही. वरून कोटिंग करपतं, आत पाणी तसंच.

## टप्पा ६: बेकिंगमधून थेट होल्डिंगमध्ये

बेक झालेले रॉड हवेत थंड करायचे नाहीत. ओव्हनमध्येच दीडशेच्या आसपास उतरू द्या आणि कोरड्या चामडी हातमोज्यांनी होल्डिंग ओव्हनमध्ये हलवा. होल्डिंगचं तापमान किमान १२० अंश. व्हॅक्यूम पॅक किंवा हवाबंद डबा उघडल्यावर सगळे रॉड लगेच वापरणार नसाल तर उरलेलेही तिथेच ठेवा.

प्रत्येक कप्प्याला टॅग लावा: रॉडचं नाव, साइझ, बॅच, बेक झाल्याची तारीख आणि वेळ, आणि ‘बेकिंग पहिलं’ की ‘पुन्हा’. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची, ती का ते पुढे येतं.

वीज गेली तर गेल्याची आणि आल्याची वेळ लिहा, दार बंद ठेवा. तापमान १२० च्या खाली किती वेळ होतं ते बघा आणि तो वेळ रॉड उघडे असल्याच्या वेळेत धरा.

## टप्पा ७: वेल्डरच्या हातात

इथून घड्याळ रॉडच्या विरुद्ध धावायला लागतं. डी१.१ प्रमाणे ओव्हनबाहेर किंवा उघडलेल्या हवाबंद डब्याबाहेर रॉड जास्तीत जास्त किती वेळ राहू शकतो, ते असं:

- ई७० वर्ग: ४ तास
- ई७० वर्ग, नावात आर असलेला: ९ तास
- ई८०: २ तास
- ई९०: १ तास
- ई१०० आणि ई११०: अर्धा तास

ई पुढचा आकडा वेल्ड धातूची ताकद सांगतो. ती वाढते तशी वेळ कशी आकसते ते पाहा. जास्त ताकदीच्या धातूला तोच हायड्रोजन जास्त महागात पडतो.

हे आकडे कमाल मर्यादा आहेत. चार तास चालतात म्हणून चार तासांचे रॉड द्यायचे, ही पद्धत मला पटत नाही. ४ मिमीचा रॉड साधारण दीड-दोन मिनिटांत जळतो. पण स्लॅग काढणं, ब्रश मारणं, ग्राइंडिंग, जॉब फिरवणं धरलं तर एका तासात प्रत्यक्ष किती रॉड लागतात, हे तुमच्याच साइटवर दोन दिवस मोजून बघा. त्या हिशोबाने दोन तासांचे रॉड द्या. वेल्डरच्या दोन चकरा वाढतील, पण उरलेल्या रॉडची डोकेदुखी जवळजवळ संपेल.

रॉड देताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: वेल्डरचा नंबर, रॉड आणि बॅच, संख्या, बाहेर निघाल्याची वेळ. परत येतील तेव्हा त्याच चिठ्ठीवर परतीची वेळ आणि संख्या.

पोर्टेबल ओव्हन, म्हणजे क्विव्हर, दिला असेल तर त्याच्याही तीन अटी आहेत. तो प्लगमध्ये असला पाहिजे, झाकण बंद असलं पाहिजे आणि एका वेळी एकच रॉड बाहेर आला पाहिजे. क्विव्हरमध्ये खरोखर १२० अंश असतील तेव्हाच उघडं राहण्याची मोजणी थांबते. बरेचसे जुने क्विव्हर सत्तर-ऐंशीवरच असतात, म्हणून आत थर्मामीटर घालून एकदा तपासा. काही क्विव्हर वेल्डिंग मशीनच्याच सप्लायवर चालतात. सुट्टीत मशीन बंद केलं की तेही थंड पडतात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

इशारा: प्लग न लावलेला क्विव्हर म्हणजे नुसता डबा. त्यातला रॉड उघडाच धरायचा.

मुठीत धरलेली जुडी, खिशातले रॉड, ओल्या काँक्रीटवर ठेवलेले रॉड, घामेजलेल्या हातमोज्याने कोटिंगवर धरलेला रॉड, हे सगळं सुपरवायझरने बघितलं तर तिथेच थांबवावं. रॉड नेहमी उघड्या टोकाकडून धरायचा.

आणि रॉड कितीही कोरडा असला तरी प्लेटवर दव, गंज, तेल किंवा रंग असेल तर हायड्रोजन तिथूनही येतो. जोडाच्या दोन्ही बाजू घासून, पुसून, प्रीहीट करूनच पहिला रॉड लावा.

### आर्क काय सांगतो

दमट रॉडची लक्षणं अशी: तडतड जास्त, स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) जास्त, आर्क अस्थिर, बीडच्या पूर्ण लांबीत छिद्रं. छिद्रं फक्त सुरुवातीच्या सेंटिमीटरभरात असतील तर बहुधा आर्क लांब धरून सुरू केला आहे, दोष रॉडचा नाही. ई७०१८ ला आर्क आखूडच लागतो. काही जण दोन रॉड एकमेकांवर आपटून आवाज ऐकतात, खणखणीत आला तर कोरडा, बद्द आला तर दमट. फार दमट रॉड त्यात सापडेलही, पण भेग पाडायला पुरेसा पण छिद्र न पाडणारा दमटपणा कोणत्याच आवाजात ऐकू येत नाही. लक्षणं दिसली तर तो बॅच थांबवा. लक्षणं नाहीत म्हणून मात्र चिठ्ठीवरची वेळ ओलांडू नका.

## टप्पा ८: परत आलेले रॉड

इथे तीन ढीग करायचे असतात. बहुतेक ठिकाणी एकच केला जातो.

पहिला ढीग: चिठ्ठीवरची वेळ मर्यादेच्या आत आहे. हे रॉड होल्डिंग ओव्हनमध्ये वेगळ्या कप्प्यात जातील. १२० अंशांना किमान चार तास राहिल्यावरच पुन्हा बाहेर देता येतील. वेल्डर जेवून आला आणि तेच रॉड पुन्हा घेऊन गेला, असं चालत नाही.

दुसरा ढीग: वेळ उलटून गेली आहे, पण रॉड भिजलेले नाहीत, कोटिंग धड आहे. हे पुन्हा बेकिंगला, टप्पा ५ प्रमाणे, पहिल्या पायरीपासून. टॅगवर ‘पुन्हा’ लिहायचं. असं पुन्हा बेकिंग एकदाच करता येतं. त्याच रॉडची वेळ दुसऱ्यांदा उलटली तर तो भंगारात. दर वेळेच्या तापण्या-थंडावण्यात कोटिंग कमकुवत होत जातं, म्हणून ही मर्यादा आहे. आणि म्हणूनच टॅगवरचा तो एक शब्द महत्त्वाचा.

तिसरा ढीग: थेट भंगार. पावसात किंवा पाण्यात भिजलेले, कोटिंगला तडे किंवा खपल्या गेलेले, गाभ्याच्या तारेवर गंज चढलेले, कोटिंगवर पांढरी भुकटी उमटलेले, आणि ज्यांची चिठ्ठीच नाही असे रॉड. भिजलेला रॉड बेक करून वाचवता येत नाही, डी१.१ तर तो वापरायलाच मनाई करतो. भंगारातले रॉड वाकवूनच टाका, म्हणजे कोणी घाईत उचलून होल्डरला लावणार नाही.

तपासा: शिफ्ट संपताना दिलेले रॉड = वापरलेले स्टब (जळून उरलेली रॉडची टोकं) + परत आलेले + भंगार. हा हिशोब जुळला नाही तर काही रॉड कुठेतरी टूलबॉक्समध्ये पडले आहेत, आणि उद्या सकाळी पहिला रॉड तिथूनच निघणार आहे.

## ओव्हनच नसेल तर

लहान वर्कशॉपमध्ये महिन्याला दोन-चार किलो ई७०१८ लागतो. त्यासाठी दोन ओव्हन घेणं परवडत नाही, हे खरं आहे. अशा वेळी मोठा खोका स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. लहान व्हॅक्यूम पॅक घ्या, एका बैठकीत संपेल एवढाच पॅक उघडा, उघडल्याची वेळ पॅकवर लिहा. उत्पादकाने उघडल्यावर किती तास चालतो हे पॅकवर दिलेलं असतं, कामाला कोड लागू असेल तर त्याचे तास धरा. उरलेले रॉड फाटक, जाळी, स्टँड अशा साध्या, पातळ, बिनजोखमीच्या कामाला वापरा. उचलण्याचे हुक, दाबाखालची टाकी, जाड प्लेटचा जोड, गाडीची चासी यांना ते लावू नका.

## संशयास्पद रॉडने वेल्ड झालंच असेल तर

जोड अजून गरम असेल तर त्याला थंड होऊ देऊ नका. तसाच धरून २०० ते ३०० अंशांना काही तास ठेवला तर बराचसा हायड्रोजन निघून जातो. नेमकं तापमान आणि वेळ प्लेटच्या जाडीवर ठरते, म्हणून ती वेल्डिंग इंजिनिअरकडून लिहून घ्या. जोड थंड झाला असेल तर तो चिन्हांकित करा आणि घाईने तपासू नका. भेग अजून पडायची असू शकते, आज ‘पास’ झालेला जोड परवा फुटलेला सापडतो. जास्त ताकदीच्या पोलादासाठी ४८ तास थांबण्याची पद्धत याचसाठी आहे.

त्यानंतर पृष्ठभागासाठी मॅग्नेटिक पार्टिकल आणि आतल्या भागासाठी अल्ट्रासॉनिक तपासणी करा. निव्वळ रेडिओग्राफीवर विसंबू नका, अशा बारीक, आवळलेल्या भेगा फिल्मवर सहज निसटतात. भेग सापडली तर ती पूर्ण खोदून काढा, खोदलेली जागा पुन्हा मॅग्नेटिक पार्टिकलने तपासा, आणि दुरुस्तीला प्रीहीट मूळ जोडापेक्षा कमी नको. दुरुस्तीचा रॉड कोणत्या ट्रेमधून, किती वाजता निघाला, हे त्याच दुरुस्तीच्या कागदावर लिहा.